साक्ष तीच, कागद तेच, मग वरच्या कोर्टात निकाल का उलटतो?

निशिगंधा_कराड | शनिवार, रात्री ९:५०

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहितेच. मागच्या रविवारी आमचे चुलतसासरे आले होते, चहा आणि पेपर एकत्र चालू. आतल्या पानावर चार ओळींची बातमी, बलात्काराच्या खटल्यात सत्र न्यायालयाने दहा वर्षं दिलेली, हायकोर्टाने अपिलात निर्दोष सोडला. काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "वर चारले असतील." सासूबाई म्हणाल्या, "नाहीतर पोरगीच खोटं बोलली असेल." दोघांनी मिळून चहाच्या एका घोटात केस निकालात काढली आणि कांद्याच्या भावाकडे वळले. मी गप्प बसले, कारण मलाही काही माहीत नव्हतं.

तर प्रश्न असा की, अपिलात त्या बाईला परत बोलावतात का? बोलावत नसतील तर ज्यांनी तिला डोळ्यांनी पाहिलंच नाही त्यांनी तिला खोटं कशावरून ठरवलं? आणि बघणारं कोणी नसताना एकटीच्या शब्दावर शिक्षा होऊ शकते का मुळात? जाणकारांनी लिहा. टीव्हीवरच्या चर्चेसारखं नको प्लीज.

तिरपागड्या | शनिवार, रात्री ९:५८

रुमाल टाकून जागा धरतो. वकील मंडळी आली की परत येतो.

कोर्टकचेरी | शनिवार, रात्री ११:२०

आलो. एका शब्दात उत्तर, नाही. परत बोलावत नाहीत. अपील म्हणजे कागद. खाली जी सरतपासणी-उलटतपासणी झाली, पंचनामे, डॉक्टरचा कागद, सीए रिपोर्ट (सरकारी प्रयोगशाळेतल्या रासायनिक तपासणीचा), सगळ्याचं एक बाड बांधतात, त्याला पेपर बुक म्हणतात, आणि वरचे जज ते वाचतात. जादा पुरावा घ्यायचा अधिकार हायकोर्टाला कायद्याने आहे, पण माझ्या १९ वर्षांच्या वकिलीत तो वापरलेला मी दोनदा पाहिला. खालच्या जजला साक्षीदार दिसतो, कुठे अडखळला, कुठे घाम पुसला, कुठे वकिलाकडे न बघता छताकडे बघत बोलला. त्याबद्दल शेरा लिहायची सोयसुद्धा आहे, कधी कधी कंसात लिहितात "साक्षीदार रडू लागली, पाणी देण्यात आले". वर पोचतो तो फक्त कंस.

एकटीच्या साक्षीवर शिक्षा होते का? होते, आणि हे आजचं नाही. रामेश्वर विरुद्ध राजस्थान हा १९५२ च्या रिपोर्टात छापलेला निकाल, लिहिणारे न्या. विव्हियन बोस, म्हणजे आपले नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले. मुलगी आठ वर्षांची. त्यांनी सांगितलं की दुजोरा पाहिजेच असा कायदा नाही, ती सावधगिरी आहे, आणि ती डोक्यात ठेवून जजने निकाल दिलाय एवढं दिसलं पाहिजे. १९५७ च्या वडिवेलू थेवर निकालात साक्षीदारांचे तीन प्रकार पाडले, पूर्ण भरवशाचा, पूर्ण बिनभरवशाचा आणि अधला-मधला. पहिला एकटा पुरतो, दुसरा दहा असले तरी उपयोग नाही. सगळी मारामारी तिसऱ्यावर.

आता तुमच्या काकांसाठी एक गोष्ट. शिक्षेविरुद्ध अपील आलं तर हायकोर्ट सगळा पुरावा पहिल्यापासून पुन्हा पाखडतं. सुटकेविरुद्ध अपील आलं तरी पाखडायचा अधिकार पूर्ण आहे, पण तिथे एक जादा पायरी चढावी लागते. २००७ च्या चंद्रप्पा निकालात हे नीट मांडलंय, आरोपी आधीच निर्दोष मानलेला, त्यात खालच्या कोर्टाने सोडल्यामुळे ते मानणं दुप्पट पक्कं झालं, म्हणून दोन्ही अर्थ निघण्यासारखे असतील तर सुटका तशीच ठेवायची. त्यामुळे "वर सोडला" म्हणजे "ती खोटी" असं नाही. बहुतेक वेळा एवढंच असतं की शंका उरली.

आडवाटेचा_पांथस्थ | शनिवार, रात्री ११:३१

उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

वडसेकर | रविवार, सकाळी ७:१०

या विषयावर बोलायचं आणि आमच्या गावाचं नाव निघणार नाही असं होत नाही बावा. मी वडशाचा. कागदोपत्री देसाईगंज, पण आमच्याकडे कोणी देसाईगंज म्हणत नाही. बाहेरच्यांना वडसा झाडीपट्टीच्या नाटकांसाठी माहीत, आणि कायद्याच्या पोरांना १९७२ साठी. तेव्हा गडचिरोली जिल्हा झाला नव्हता, चंद्रपूर जिल्हाच होता. २६ मार्चच्या रात्री एक आदिवासी पोरगी चौकशीसाठी ठाण्यात नेली, भाऊ-नातेवाईक बाहेर उभे, आत दोन पोलीस. पोरीचं वय चौदा ते सोळाच्या मधलं.

सत्र न्यायालयाने १९७४ ला त्या पोलिसांना बलात्काराच्या आरोपातून सोडलं, वरून पोरगीलाच धडधडीत खोटारडी म्हटलं. नागपूर खंडपीठाने ते उलटवलं, एकाला ५ वर्षं, दुसऱ्याला १ वर्ष. त्यांचं म्हणणं, भीतीने गप्प राहणं म्हणजे राजीखुशी नव्हे. मग १९७८ ला सुप्रीम कोर्टाने परत सोडलं, कारण अंगावर जखम नाही, आरडाओरडा नाही, म्हणजे विरोध केला नसणार. तीन कोर्टं, साक्ष एकच. निशिगंधाताईंचा प्रश्न तिथेच उभा आहे बघा.

(मोठी माणसं अजून त्या ठाण्यासमोरून जाताना आवाज खाली करतात. लहानपणी मला वाटायचं भूत आहे तिथं.)

जुई_नि_जाई | रविवार, सकाळी ८:४५

याच निकालावर १९७९ मध्ये चार कायदा शिकवणाऱ्यांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं होतं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. चारात दोन मराठी नावं. त्यावरून देशभर मोर्चे निघाले, मुंबईत १९८० साली फोरम अगेन्स्ट रेप उभं राहिलं, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पुरावा कायद्यात ११४-अ आलं, म्हणजे पोलिसाच्या ताब्यात वगैरे असताना संबंध आला हे सिद्ध झालं आणि बाईने कोर्टात सांगितलं की माझी संमती नव्हती, तर कोर्टाने संमती नव्हती असंच धरून चालायचं. विरोध केला नाही एवढ्यावरून संमती धरायची नाही, हे मात्र कायद्याच्या पुस्तकात यायला २०१३ उजाडलं. १९७२ ते २०१३. मोजा.

संपादक मंडळ | रविवार, सकाळी ९:०५

सदस्यांना विनंती: पीडितेचं नाव कोणीही लिहू नये, जुनं प्रकरण असलं तरी. आतापर्यंत कोणी लिहिलेलं नाही त्याबद्दल आभार. लिहिल्यास प्रतिसाद उडवला जाईल.

वडसेकर | रविवार, सकाळी ९:२०

मजा बघा, ते प्रकरण सगळ्या पुस्तकांत पोरीच्या नावानंच छापलंय. आणि नाव छापायला बंदी करणारं २२८-अ कलम आलं ते त्याच १९८३ च्या दुरुस्तीत. तिच्यामुळं कायदा आला, तिलाच लागू झाला नाही.

रोखठोक_बापू | रविवार, सकाळी १०:१५

सगळं एकतर्फी चाललंय. हल्ली निम्म्या केसेस खोट्या असतात हे कोण बोलणार. चार वर्षं हिंडायचं फिरायचं आणि लग्न मोडलं की बलात्कार. आमच्या ऑफिसातल्या पोराचं करिअर संपलं. एकटीच्या शब्दावर माणूस आत टाकायचा हा कुठला न्याय???

तिरपागड्या | रविवार, सकाळी १०:१८

बापू, "निम्म्या" कुठे मोजल्या? तराजू कोणाचा?

कोर्टकचेरी | रविवार, सकाळी ११:४०

बापूंचा आकडा सोडा, मुद्दा अगदीच हवेतला नाही. २००८ च्या राजू विरुद्ध मध्य प्रदेश निकालात सुप्रीम कोर्टच म्हणालंय की पीडितेच्या साक्षीला पहिला मान, पण ती दरवेळी ब्रह्मवाक्य धरता येणार नाही, खोट्या आरोपानेही माणूस तितकाच मोडतो. २०१२ च्या राय संदीप निकालात कसोटी सांगितली. एकटीच्या साक्षीवर शिक्षा द्यायची असेल तर साक्षीदार "स्टर्लिंग" पाहिजे, पहिल्या जबाबापासून कोर्टापर्यंत गोष्ट तीच, उलटतपासणीत न हलणारी, बाकी पुराव्याशी जुळणारी.

लग्नाच्या वचनाबद्दल २०१९ चा प्रमोद सूर्यभान पवार निकाल वाचा, आपल्या महाराष्ट्रातलाच. वचन मोडणं वेगळं आणि पहिल्या दिवसापासून पाळायचंच नव्हतं अशा वचनावर फसवणं वेगळं, नुसतं मोडलं म्हणून बलात्कार होत नाही. तिथे आरोपीच्या बाजूने निकाल लागलाय. नव्या न्याय संहितेत फसवून ठेवलेल्या संबंधांना कलम ६९ असं वेगळंच केलंय, त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

मिरच्यांची_भजी | रविवार, सकाळी ११:५२

स्टर्लिंग म्हणजे पाउंडासारखं का? भाव रोज वरखाली होणारा? (ह. घ्या.)

भाषांतरवाली | रविवार, दुपारी ३:३०

मी सहसा नुसती वाचते इथे, आज लिहावंसं वाटलं. अपिलासाठी मराठी साक्षींचं इंग्रजी भाषांतर करण्याचं काम मी गेली अकरा वर्षं करतेय, पानावर पैसे. खाली जबान्या मराठीत, हायकोर्टाची भाषा इंग्रजी. म्हणजे कोर्टकचेरी म्हणतात तो "फक्त कंस"सुद्धा माझ्यासारख्या कोणाच्या तरी हातून गेलेला असतो.

"स्टर्लिंग"वरून आठवलेली एक साक्ष सांगते, ओळख पटेल असं काही सांगत नाही. फिर्याद पोलीस ठाण्यात लिहिलेली. त्यात "माझ्या संमतीविना जबरी संभोग केला" असं आहे. हा शब्द कोणाचा? लिहून घेणाऱ्याचा. गावाकडची शेतमजूर बाई "जबरी संभोग" म्हणेल का आयुष्यात? कोर्टात ती म्हणाली, "त्यानं माझ्याबरोबर वाईट काम केलं." उलटतपासणीत विचारलं, तुम्ही पोलिसांना "जबरी संभोग" असं सांगितलं होतं का? ती म्हणाली नाही. झालं, तेवढ्या मजकुराला "अ" खूण, आणि खाली ते ठरलेलं वाक्य, "माझ्या जबाबातील 'अ' मजकूर मी सांगितलेला नाही. तो कसा लिहिला याचे कारण मी सांगू शकत नाही." ही विसंगती म्हणून कागदावर आली. बाई खरं बोलली म्हणून विसंगत ठरली!!

आणि हे एकदाच नाही सांगायचं. ठाण्यात फिर्याद, मग डॉक्टरला हकिगत, मग पुरवणी जबाब, मग मॅजिस्ट्रेटसमोर, मग दोन-चार-सहा वर्षांनी कोर्टात. दर वेळी लिहिणारा वेगळा, शब्द त्याचे. पाच कागद शेजारी ठेवले की फरक निघणारच. मी आईकडची बिरड्याची उसळ कशी करायची ते पाच जणांना सांगितलं तर पाच उसळी होतील.

सुपारीफुटी | रविवार, दुपारी ३:४४

बाई काय लिहिलंत. काटा आला.

कारकून_निवृत्त | रविवार, दुपारी ४:०५

भाषांतरवाली म्हणतात ते शंभर टक्के. त्यात "असे म्हणणे खरे नाही की" हे राहिलं. सगळ्या उलटतपासणीचा शेवट तोच. "असे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे." आमचे एक साहेब घरी बायकोलासुद्धा असंच उत्तर द्यायचे, असे म्हणणे खरे नाही की मी भाजी आणायला विसरलो.

कोर्टकचेरी | रविवार, संध्याकाळी ६:१५

हा हा. भाषांतरवाली, तुमचं उदाहरण सोन्यासारखं. कायदा याबाबतीत बाईच्या बाजूने आहे बरं का. १९८३ चा भोगिनभाई निकाल, गांधीनगरचं प्रकरण, न्या. ठक्कर म्हणतात साक्षीदाराच्या डोक्यात व्हिडिओ टेप नसते मागे फिरवून लावायला. बारीकसारीक फरकांवरून साक्ष फेकायची नाही, गाभ्याला धक्का लागतोय का ते बघायचं. १९९६ च्या गुरमित सिंग निकालातही तेच, शिवाय उशिरा फिर्याद दिली म्हणून संशय घेऊ नका, घरची इज्जत वगैरे विचार करून लोक उशीर करतात. आणि "एका गोष्टीत खोटं तर सगळ्यात खोटं" हे आपल्याकडे चालतच नाही, फोलपट काढून दाणे ठेवायचे.

प्रॉब्लेम एवढाच की गाभा कुठे संपतो आणि साल कुठे सुरू होते हे जज ठरवतो. एका जजला "दाराची कडी आतून होती की बाहेरून" ही साल वाटते, दुसऱ्याला गाभा. दोघांकडे तेच पान. वडसेकरांच्या उलटं उदाहरण देतो, तेही नागपूरचंच. फौजदारावरची केस, १९९० ला सुप्रीम कोर्टात निकाल लागला. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, नागपूर खंडपीठाने सोडलं, सुप्रीम कोर्टाने शिक्षा परत आणली. तिथे म्हटलं की बलात्कार झालेली बाई ही काही गुन्ह्यातली साथीदार नव्हे की तिच्या शब्दाला दुजोऱ्याची कुबडी लागावी, जखमी साक्षीदाराला देता तेवढं वजन तिला द्या. आता सांगा, वडशाच्या केसमध्ये नागपूर बरोबर होतं की १९९० ला दिल्ली?

आडवाटेचा_पांथस्थ | रविवार, संध्याकाळी ६:२२

दोन्ही. :)

जुई_नि_जाई | रविवार, रात्री ८:५०

कोर्टकचेरी, भोगिनभाई निकाल सगळे हार घालून मिरवतात पण तो नीट वाचलाय का? त्यात विश्वास कशाच्या जोरावर ठेवलाय? की भारतीय समाजातली मुलगी अब्रूला एवढी जपते की ती असं खोटं सांगणारच नाही, पाश्चात्त्य बायकांचं वेगळं. म्हणजे तिचं ऐकलं ते ती "तशी" नाही म्हणून. मग जी एकटी राहते, दारू पिते, मित्राबरोबर रात्री बाहेर जाते, तिच्या बाबतीत तोच तर्क उलटा फिरतो की नाही? चांगल्या हेतूने लावलेलं माप आहे हे, पण माप ते मापच.

२००२ च्या अखेरीपर्यंत तर पुरावा कायद्यात चक्क लिहिलेलं होतं की फिर्यादी बाई चालचलणुकीने बरी नाही असं दाखवून तिची साक्ष पाडता येते. ते उपकलम काढलं. जजच्या डोक्यातलं कोण काढणार?

फोंडेकार | रविवार, रात्री ९:१५

आमच्याकडे गोव्यात २०२१ ला म्हापशाच्या सत्र न्यायालयाने मोठ्या संपादकाच्या बलात्काराच्या केसमध्ये ५२७ पानांचा निकाल दिला, सुटकेचा. त्यात घटनेनंतरच्या फोटोत ती बाई हसतेय, आनंदी दिसतेय, यावर बरंच लिहिलंय. अशी बाई अशी दिसत नाही म्हणे. आता माणूस ऑफिसच्या कार्यक्रमात तोंड पाडून फिरेल काय? माझी आई वारली त्याच्या चौथ्या दिवशी मी एका लग्नात फोटोत हसलोय.

कोर्टकचेरी | रविवार, रात्री ९:४०

फोंडेकार, त्या निकालात तपासातल्या चुकांवरही लिहिलंय, सीसीटीव्हीचं फुटेज वगैरे, एवढं लिहून थांबतो. गोवा सरकार त्यावर अपिलात गेलं, तेव्हा त्या माणसाला इथे दोषी-निर्दोष नको ठरवायला. पण फोटोचा तुमचा मुद्दा मान्य. जुई, तुमचाही मान्य. कोर्टात मात्र मी भोगिनभाईच वाचून दाखवणार, पोट आहे.

सिन्नर_हायवे | सोमवार, सकाळी ६:५५

रात्रभर सगळं वाचलं. बापूंच्या बाजूने नाही पण एक प्रकरण कोणीच काढलं नाही म्हणून लिहितो. आमच्या नाशिकजवळ जून २००३ मध्ये शेतवस्तीवर दरोडा पडला, पाच जणांचे खून, बायकांवर अत्याचार. भटक्या समाजातले सहा जण पकडले. वाचलेल्या बाईने त्यांना ओळखलं. २००६ ला फाशी, हायकोर्टाने तिघांची कायम ठेवली तिघांची जन्मठेप केली, २००९ ला सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी. संपलं असं सगळ्यांना वाटलं.

मग कळलं काय, घटनेनंतर लगेच पोलिसांनी गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला तेव्हा त्याच बाईने वेगळेच चार जण दाखवले होते. त्या चौघांचं काय केलं? काही नाही. मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख द्यायला लावले. १६ वर्षं आत. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

ती बाई खोटं बोलली असं मी म्हणत नाही. घरचे लोक डोळ्यासमोर मेले, तिच्या मनाची काय अवस्था असेल. पण अनोळखी चेहरा ओळखणं आणि आपल्यावर काय झालं ते सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकाच तागडीत टाकू नका एवढंच.

रोखठोक_बापू | सोमवार, सकाळी ८:०२

हेच म्हणत होतो मी.

सिन्नर_हायवे | सोमवार, सकाळी ८:१०

नाही बापू, तुम्ही हे म्हणत नव्हता. तुमच्या मते बाई खोटी. इथे कच्चं काम पोलिसांचं, आणि आत गेले गरीब.

दवाखाना_तालुका | सोमवार, दुपारी १:३०

डॉक्टरांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून ओपीडी संपवून लिहितेय. आम्हाला कोर्टात विचारतात, जखम होती का? नव्हती. मग बलात्कार झाला नाही असं म्हणता येईल का? तसंही म्हणता येणार नाही. ७२ तासांनी आलेली, दोनदा आंघोळ झालेली, लग्न झालेली बाई, जखम दिसेलच असं नाही, आणि भीतीने गार पडलेल्या माणसाच्या अंगावर झटापटीचे वळ कुठून येणार. नव्या डॉक्टरांना कोणी हे शिकवत नाही, फॉर्मवर "जखम नाही" एवढं लिहून सही ठोकतात. ते दोन शब्द पुढे दहा वर्षं कोर्टात फिरतात. १९७८ ला तेच झालं ना.

दोन बोटांची ती घाणेरडी चाचणी (बाईला संबंधांची "सवय" आहे का ते बघायची) तर २०१३ मध्ये लिल्लू निकालात चुकीची ठरवली, तरी चालूच होती, शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी. त्याच्या बऱ्याच आधी आपल्या सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी हे सगळं कागदावर मांडलं होतं. विदर्भाचं नाव फक्त वडशासाठी निघू नये म्हणून सांगितलं, वडसेकर भाऊ.

वडसेकर | सोमवार, दुपारी १:४१

लय आभार डॉक्टरीणबाई.

माजी_मुद्देमाल | सोमवार, रात्री ९:३०

मी पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त, शेवटची सहा वर्षं मुद्देमाल माझ्याकडे होता. ठाणं सांगत नाही. लोक म्हणतात डीएनए आलं की झालं, मशीन खोटं बोलत नाही. मशीन नाही बोलत पण मशीनपर्यंत पोचवतो कोण? आम्ही. ओले कपडे सावलीत वाळवून कागदाच्या पाकिटात घालायचे असतात, प्लास्टिकात घातले की बुरशी धरते. मला हे नोकरीच्या बाविसाव्या वर्षी कळलं, एका ट्रेनिंगला. तोपर्यंत किराणा दुकानाची पिशवी आणि वर लाख. पावसाळ्यात मालखान्यात भिंतीतून पाणी झिरपायचं, चिठ्ठीवरचा गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) पुसला की रजिस्टर बघून परत पेनाने काढायचा. वकिलाने विचारलं सील शाबूत होतं का, आपण म्हणायचं होतं.

दिल्लीच्या छावला केसमध्ये (२०१२ चा सामूहिक बलात्कार आणि खून) खाली फाशी, हायकोर्टात फाशी आणि नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टात तिघेही सुटले. नमुने १४ आणि १६ फेब्रुवारीला घेतले, लॅबला गेले २७ ला, मधले दिवस मालखान्यात. कोर्टाने तेच धरलं, शिवाय ओळख परेड नाही, आणि ४९ पैकी १० साक्षीदारांची उलटतपासणीच झाली नव्हती. लोक कोर्टाला शिव्या देत होते, मी गप्प बसून टीव्ही बघत होतो. अकरा दिवस म्हणजे काय ते मला माहीत आहे.

सुपारीफुटी | सोमवार, रात्री ९:४५

एवढं मोकळं लिहिलंत त्याबद्दल _/\_

लंडनची_मावशी | मंगळवार, पहाटे ३:१०

इकडे ज्युरी असते, बारा माणसं नुसतं दोषी किंवा निर्दोष सांगतात, कारण सांगत नाहीत. त्यामुळे अपिलात "तिच्यावर विश्वास का ठेवला नाही" हे तपासायला कागदच नसतो! जजने चुकीचं समजावलं का, नको तो पुरावा आत आला का, असलंच बघतात. आणि १९९४ पर्यंत जजने ज्युरीला ताकीद द्यायची सक्ती होती की एकट्या बाईच्या शब्दावर दोषी ठरवणं धोक्याचं असतं. आपल्या विव्हियन बोसांच्या चाळीस वर्षांनंतर सक्ती गेली. इथल्या मैत्रिणींना सांगितलं तर विश्वास बसत नाही.

मिरच्यांची_भजी | मंगळवार, सकाळी ७:५०

ज्युरीचं नाव निघालं, आता कोणीतरी नानावटी काढणार. तीन, दोन, एक...

कारकून_निवृत्त | मंगळवार, सकाळी ८:०५

काढतोच. बायकोच्या प्रियकराच्या खुनाचा तो खटला, १९५९ च्या त्या ज्युरीने निर्दोष म्हटलं आणि ते हायकोर्टाने फेटाळलं. पण नानावटीमुळे दुसऱ्याच दिवशी ज्युरी बंद झाली हे चूक, १९७३ च्या फौजदारी संहितेतून ती पुरती गेली.

कोल्हापुरी_ठसका | मंगळवार, सकाळी ९:१५

अवांतर: आमच्याकडं ऑगस्ट २०२५ पासनं हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. आता अपिलाला मुंबईची एसटी पकडायला नको, साक्ष पाखडून झाली की तांबडा-पांढरा.

संपादक मंडळ | मंगळवार, सकाळी ९:३०

अवांतर आवरा.

निशिगंधा_कराड | मंगळवार, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. आज काकांना फोनवर यातलं थोडं वाचून दाखवलं. नाशिकचं ऐकून म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं." वडशाचं ऐकून गप्प झाले, मग म्हणाले, "पोरगी किती वर्षांची म्हणालीस?" आणि फोन काकूंकडे दिला.

माझ्या मूळ प्रश्नाचं एक टोक मात्र राहिलंय. कोर्टकचेरी, जज बदलला की गाभा बदलतो, मग बाईने करायचं काय? स्टर्लिंग व्हायला आधी सराव करून जायचं? आणि सराव केला तर "पढवलेली साक्ष" म्हणणार ना?

कोर्टकचेरी | मंगळवार, रात्री ११:१०

म्हणतात. मीच म्हटलंय. आरोपीतर्फे उभा असताना पहिला प्रश्न असतो, काल सरकारी वकिलांच्या ऑफिसात किती वेळ बसला होता? ती म्हणते दोन तास. झालं, लिहून घ्या साहेब. आणि सरकारतर्फे मदतीला उभा असलो की मी तिला सांगतो, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, वकिलाला बरं वाटावं म्हणून वेळ-तारखा जोडू नका. जोडलेलं असतं ना, तेच अपिलात गळ्याशी येतं. यापेक्षा जास्त माझ्याकडे नाही.

आणि दर वेळी प्रश्न खरं-खोट्याचाही नसतो बरं. जानेवारी २०२१ चा नागपूरचा पॉक्सोचा (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचा) निकाल आठवा, कपड्यावरून हात लावला तर तो "स्पर्श" नाही म्हणे. मुलीवर अविश्वास नव्हताच, शब्दावर अडलं. नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने उलटवला तो.

निशिगंधा_कराड | मंगळवार, रात्री ११:१८

शब्दावरून आठवलं. भाषांतरवाली, त्या "वाईट काम"चं तुम्ही इंग्रजीत काय केलंत मग?

भाषांतरवाली | बुधवार, सकाळी ६:४०

दोन दिवस त्या एका ओळीवर अडले होते. "चुकीचं कृत्य" असं इंग्रजीत घातलं तर काहीच कळत नाही, चोरीसुद्धा चुकीचं कृत्यच. सरळ "बलात्कार" लिहिलं तर ते तिने म्हटलेलंच नाही, आणि समोरचा वकील मूळ काढून दाखवणार की बघा भाषांतरात वाढवलंय. शेवटी "वाईट काम" हे शब्द रोमन लिपीत तसेच ठेवले, आणि पुढच्याच ओळीत ती म्हणते "नवरा-बायकोत होतं ते", ते शब्दाला शब्द उतरवलं. ती ओळ मूळ जबानीत पानाच्या अगदी तळाशी होती, झेरॉक्समध्ये अर्धी कापली गेलेली. परत प्रत मागवली म्हणून दिसली.

निशिगंधा_कराड | बुधवार, सकाळी ७:०२

आणि निकाल?

भाषांतरवाली | बुधवार, सकाळी ७:३०

माहीत नाही. आम्हाला पानाचे पैसे मिळतात, निकाल कोणी कळवत नाही. बेचाळीस पानं होती.